आलो आणि आले

एक काना गेला. ‘आलो’चं ‘आले’ झालं आणि तेविसाव्या भागात फुटायचं गुपित चौदाव्यातच फुटलं.

रविवारची सकाळ होती. निवृत्ती चौकात पेपर घेतला आणि पुरवणी तिथंच उघडली. शिवाजी पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको, त्या चौकात उभं राहून गुपचूप असं काही वाचता येत नाही. दोघंतिघं खांद्यावरून डोकावतातच. तिसऱ्या चौकटीपर्यंत पोचले आणि हातपाय गार पडले. चहाच्या गाडीवरचे मामा म्हणाले, “काय झालं ताई, कोण गेलं काय?” मी म्हटलं, “काना गेला.” त्यांना वाटलं, कान्हा नावाचं कुणी जवळचं असावं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

मी चित्रकथा लिहिते. काढत नाही, लिहिते. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण कॉमिक म्हटलं की लोकांना चित्रकार दिसतो आणि ‘त्यात लिहायला असतंय काय?’ असं ते विचारतात. फुग्यांतले शब्द माझे असतात, पण निम्म्याहून जास्त काम फुग्याबाहेर असतं. कुठल्या चौकटीत कोण कुठं उभं आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, कोणती चौकट लांब आडवी, कोणत्या चौकटीत कुणीच बोलायचं नाही. वहीच्या डाव्या पानावर मी चित्राचं वर्णन लिहिते, उजव्या पानावर संवाद. चित्रकार मंगळवार पेठेत राहतो. त्याला मी लिहिलेल्यातलं निम्मं पटत नाही, आणि ते न पटणं चित्रात बरोबर उतरतं, म्हणून आमचं जमतं.

ही मालिका एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत चालली. अर्धं पान, आठ चौकटी, दर रविवारी, सव्वीस आठवडे. दैनिकाचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्यांच्या चुकीची गोष्ट येणार आहे आणि मानधन त्यांनी वेळेवर दिलं होतं.

विषय कोल्हापुरातल्या 1857चा. 31 जुलैच्या रात्री इथल्या 27व्या देशी पलटणीतले शिपाई उठले. ते उठणं मोडून काढलं गेलं, कर्नल जेकब येऊन बसला, तरी डिसेंबरात पुन्हा भडका उडाला. बंडवाल्यांनी शहराच्या वेशी लावून घेतल्या. जेकबनं वेस फोडून शहर घेतलं. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. त्यांना कराचीला नेऊन ठेवलं आणि 1869 साली ते तिथंच वारले. सीपीआर दवाखान्याजवळचा चिमासाहेब चौक त्यांच्याच नावाचा.

आता बघा, शेवट चौकाच्या नावातच असताना मालिकेत उत्सुकता कुठून आणायची? वेस फुटणार, चिमासाहेब जाणार, हे माझ्या आठ वर्षांच्या वाचकालाही माहीत. इतिहासावर मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकापुढं हा दगड असतो. त्याला वळसा घालायचा तर इतिहासाच्या बाजूनं चालणारं एखादं माणूस हवं, ज्याचं काय झालं ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही. म्हणून साळू आली. रात्री तोंडाला फडकं बांधून वेशीतून चिठ्ठ्या पोचवणारी. वेताळमाळाच्या अंगानं येते म्हणून पहारेकरी तिला ‘वेताळ’ म्हणतात, आणि तो बाप्या आहे असं सगळे धरून चालतात. वाचकही. पेठेतल्या पोरांना वेताळ आपल्याच गल्लीतला वाटला तो वाटलाच. एकानं विचारलं, “ताई, त्यो आमच्या तालमीचाच न्हवं?” मी हो म्हणून टाकलं.

खरी अडचण पुढं होती. मराठीत तोंड झाकून भागत नाही, क्रियापद चुगली करतं. इंग्रजीतला बुरखेवाला ‘आय केम’ म्हणून सुटतो; आपल्याकडं ‘आलो’ की ‘आले’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापली. तिथं यमू स्वतःची हकिकत सांगते आणि हरिभाऊंनी पानंच्या पानं ‘गेले, बसले, म्हणाले’ असं बाईच्या तोंडचं लिहिलं. पण त्यांना काही लपवायचं नव्हतं. मला सव्वीसपैकी बावीस आठवडे लपवायचं होतं.

उपाय माझ्या घरातच होता, आणि तो रोज सकाळी सहाला “मी देवळात जाऊन आलो गं” म्हणत दारातून आत यायचा. माझी आजी. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, गेलो, जेवलो’ म्हणतात. मीही म्हणते. शिकायला पुण्यात गेले तेव्हा होस्टेलवर दोन वर्षं याच्यावरून हसं झालं, आणि ‘आले’ म्हणायची सवय मी जीभ वळवून लावून घेतली. आता लिहिताना ‘आले’ लिहिते आणि पेठेत पाय ठेवला की ‘आलो’ म्हणते. ज्या बोलण्याची लाज वाटत होती, तेच या मालिकेच्या कामाला आलं. साळू ‘मी आलो’ म्हणणार. पुण्या-नाशिकच्या वाचकाला तो गडी वाटणार. कोल्हापूरच्या वाचकाला बायकाही असंच बोलतात हे ठाऊक, म्हणून त्याच्या मनात पाल चुकचुकणार, पण खात्री होणार नाही. एकाच फुग्यात दोन गावांसाठी दोन गोष्टी. हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी मी स्वतःवर खूश होते.

फुग्याबद्दल थोडं सांगते, कारण फुगा हा चित्रकथा लिहिणाऱ्याचा संसार. आठ चौकटींच्या अर्ध्या पानात एका फुग्यात पंधरा शब्दांवर गेलं की चित्र गुदमरतं. त्यात आपली लिपी वर मात्रा-वेलांट्या काढते आणि खाली उकार सोडते. दोन ओळींमध्ये जागा सोडावीच लागते. इंग्रजी कॉमिकमधली मोठी अक्षरं विटांसारखी एकावर एक रचता येतात, आपली येत नाहीत. म्हणून मराठी फुगा नेहमी लठ्ठ. जोडाक्षरांचे शब्द मी शक्यतो टाळते. ‘षड्यंत्र’ लिहायचं तर चौकट मोठी मागावी लागते, ‘डाव’ कुठंही मावतो.

पण लिपीनं घेतलं ते वाक्यरचनेनं परत केलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागून येतं. ‘वेशीचं दार रात्री उघडलं’ इथवर वाचक एका बाजूला असतो. पुढं ‘नाही’ आलं की सगळं उलटतं. मग ते ‘नाही’ पुढच्या चौकटीत का टाकू नये? तिसऱ्या भागात मी हे पहिल्यांदा केलं. सातव्या चौकटीत पहारेकऱ्याचा फुगा: “चिठ्ठी माझ्या हाताला लागली...” आठव्या चौकटीत त्याची रिकामी मूठ आणि एवढंच: “...न्हाई.” चित्रकारानं त्या मुठीसाठी स्वतःचा हात आरशात बघून चार वेळा काढला. पाच शब्दांसाठी दोन चौकटी खर्च केल्या म्हणून पुरवणीतून फोन आला, जागा वाया घालवू नका. पुढच्याच आठवड्यात पोरं गल्लीत एकमेकांना “मी तुला गोटी देतो...” म्हणून थांबायला लागली, पळत लांब जायची आणि तिकडून ओरडायची, “न्हाईऽऽ!” त्यानंतर फोन आला नाही.

आठवडी मालिकेत लोकांना शेवटची चौकट महत्त्वाची वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. जीव पहिल्या चौकटीत अडकतो. मधल्या सहा दिवसांत वाचकाच्या आयुष्यात घटक चाचणी येते, ताप येतो, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच येते. तो काय विसरला असेल याचा अंदाज घेऊन पहिली चौकट लिहायची, पण ‘मागील भागात आपण पाहिले’ असं मास्तरसारखं सांगायचं नाही. नवीन काहीतरी घडता घडता जुनं आठवलं पाहिजे. चौकटीत पहारेकरी हाताला फडकं बांधतोय, एवढ्यावरून गेल्या रविवारची झटापट डोळ्यांपुढं आली तर जमलं. मला हे दर वेळी जमलं असं नाही. नवव्या भागाची पहिली चौकट आज वाचवत नाही.

आणि वाचक काय विसरतो याचा अंदाज कसा चुकतो, तेही सांगते. पाचवा भाग मी एका पोराला विहिरीत पाडून संपवला. सहाव्यात गोष्ट दुसरीकडं वळली आणि ते पोर माझ्या डोक्यातून साफ गेलं. आजी मात्र ते धरून बसली. तिचं चित्रकथेशी काही देणंघेणं नव्हतं. पण नातीचं छापून येतंय म्हणून भिंग लावून वाचायची. सातवा भाग वाचून म्हणाली, “ते लेकरू वर आलं काय गं?”

“कुठलं लेकरू?”

“हिरीत टाकलंस आणि इसरलीस? अगं, पोथी वाचताना सुद्धा वाईटावर पोथी ठेवत न्हाईत. दोन ओव्या पुढं जायचं, जरा बरं झालं की मग पोथी बांधायची. तू आठ-आठ दिवस लेकरू पाण्यात ठिवतीस.”

श्रावणात हरिविजय लावला की ती खरंच असं करायची. कुणावर संकट आलेलं असताना अध्याय अर्धा सोडायचा नाही, हा तिचा नेम. माझा धंदा नेमका उलटा. लोंबकळतं सोडायचं आणि पुढच्या रविवारचं आमिष दाखवायचं. तिच्या बोलण्यानं मी धंदा सोडला नाही, पण एक पाळायला लागले. आठवडाभर लोंबकळत ठेवायचं ते मोठ्या माणसाला. लहान पोराला संकटात टाकलं तर त्याच पानावर बाहेर काढायचं. विहिरीतलं पोर आठव्या भागात वर आलं. तीन आठवडे पाण्यात राहून कसं वाचलं, म्हणून कुणी विचारू नये यासाठी विहीर कोरडी होती असं दाखवलं. एका मुलीनं तरी विचारलंच: पाचव्या भागात ‘धबाक्’ असा आवाज का लिहिलाय मग?

मालिकेतली खरी मेख हीच. कादंबरीत विसाव्या प्रकरणात अडलं की पाचव्यात जाऊन दुरुस्ती करता येते. आमच्याकडं पाचवा भाग छापून, वाचून, त्यात भडंग बांधून संपलेला असतो. जे छापलं ते घडलं. पुढं लिहायचं ते त्याला धरूनच.

तर चौदावा भाग. संहितेत बोलणाऱ्याचं नाव डावीकडं लिहावं लागतं, नाहीतर कोणता फुगा कुणाच्या तोंडाला जोडायचा ते कळत नाही. मी ‘साळू (तोंड झाकलेलं)’ असं लिहिलं होतं. आधीच्या भागांत मी ‘वेताळ’ लिहायची. त्या आठवड्यात ताप होता, घाईत खरं नाव गेलं. मुद्रितशोधकांनी बघितलं: बोलणारी साळू, वाक्य ‘मी वेशीतून आत आलो’. त्यांनी नियमाप्रमाणं ‘आले’ केलं. त्यांचं काय चुकलं? व्याकरण त्यांच्या बाजूनं होतं. शनिवारी पान मला दाखवायचं ठरलेलं होतं, ते दाखवलं नाही, एवढीच माझी तक्रार.

चित्रकाराचा फोन आला. “बघितलंस?”

“बघितलं.”

“आता काय करायचं गं? पुढच्या आठवड्यात चूकभूल छापा म्हणायचं?”

चूकभूल म्हणजे गुपित दोनदा सांगणं. मी नको म्हटलं. संपादकांना फोन केला. ते मनापासून दिलगीर होते, आणि त्याचा उपयोग शून्य होता.

त्या दुपारी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात वडिलांच्या वेळची मराठी इंद्रजाल कॉमिक्स आहेत. टाइम्स गटानं 1964मध्ये ती सुरू केली आणि 1990मध्ये बंद केली. त्यातला ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. बंगालाचं जंगल भारतीय वाचकासाठी डेंकाली झालं. माझी अर्धी अक्षरओळख त्या जांभळ्या पोशाखावर झाली. शेजारी चांदोबाचे अंक, त्यात राजा विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ. लहानपणी मला हे दोघे आणि आमच्या वेताळमाळाचा वेताळ एकाच घरचे वाटायचे. आडनावबंधू.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षं समोर असून दिसली नव्हती. जंगलातली माणसं वेताळाला अमर समजतात. पण वाचकाला पहिल्यापासून सांगून टाकलेलं असतं की हा एकविसावा आहे, बापाकडून मुलाकडं मुखवटा येत गेलाय. फॉकनं 1936 साली ही पट्टी सुरू केली आणि 1999मध्ये मरेपर्यंत लिहिली. त्यातलं सगळ्यात मोठं गुपित वाचकाच्या खिशातच होतं. मजा ‘कोण आहे’ यात नव्हतीच. आपल्याला माहीत आहे आणि समोरच्याला नाही, यात होती. चांदोबातला वेताळही तसाच. विक्रम बरोबर उत्तर देणार, मौन मोडणार, वेताळ झाडावर परत जाणार, हे पोरापोराला पाठ. मूळ संस्कृतात गोष्टी पंचवीस. शेवटच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसतं, तो गप्प राहतो आणि मालिका संपते. चांदोबानं राजाला गप्प बसू दिलं नाही, म्हणून ती दशकंच्या दशकं चालली. बरोबर उत्तराची शिक्षा म्हणून गोष्ट पुन्हा सुरू होते, याहून चांगलं यंत्र मालिका लिहिणाऱ्याला अजून कुणी दिलेलं नाही.

एवढं कळलं तरी पंधरावा भाग सुचेना. तो दिला आजीनं, आणि दिला तोही न कळत. संध्याकाळी तिनं भिंग लावून चौदावा वाचला. मी वाट बघत होते, आता म्हणेल, अगंबाई, ही तर बाई! ती म्हणाली, “हे आपल्यातलं न्हाई वाटतं. पुण्याकडचं हाय काय?”

“का?”

“आले म्हणतंय की.”

तिच्या कानाला ‘आले’ ऐकून आधी परगाव ऐकू आलं होतं. कोल्हापूरची बाई असं बोलतच नाही, मग हे कुणीतरी बाहेरचं. मी तिथंच वही उघडली.

पंधराव्या भागाची पहिली चौकट: पहारेकरी जमादाराला सांगतोय, “वेताळ बाई हाय! ‘आले’ म्हणाली, माझ्या कानानं ऐकलं.” दुसरी: जमादार मिशीवर हात फिरवतोय, “आले? मग ती इथली न्हाई. परगावची बाई हुडका.” तिसरी ते सहावी: धर्मशाळा, सराया, तांडे धुंडाळले जातायत. सातवी लांब आडवी, पंचगंगेचा घाट, धुणं धुणाऱ्या बायका, पाठमोरे शिपाई. आठवी: त्या बायकांतली एक, डोक्यावर बोचकं, शिपायांच्या अगदी जवळून जाताना मैत्रिणीला हाक मारतेय, “थांब गं, मी आलो!” चेहरा पहिल्यांदाच उघडा. चित्रकारानं तिला एक खळी दिली, संहितेत नव्हती.

म्हणजे चौदाव्यात साळू मुद्दाम ‘आले’ म्हणाली होती, पहाऱ्याला चकवायला. निदान आता तरी तसंच झालं होतं. पुढचे आठ भाग शिपाई परगावची बाई शोधत फिरले आणि साळू रोज त्यांच्यासमोर ‘आलो, गेलो’ म्हणत वावरली. पोरांना सगळं ठाऊक होतं, म्हणून ती शिपायांवर खिदळायची. पुण्याच्या एका वाचकानं पत्र पाठवून विचारलं की साळू उघड्या चेहऱ्यानं हिंडतानाही पुरुषासारखं का बोलते, आणि त्याला पेठेतल्या कुणीतरी त्याच सदरात सविस्तर उत्तर दिलं. संपादकांनी माझं अभिनंदन केलं, काय सुंदर योजना होती म्हणून. मी ते स्वीकारलं.

खरं सांगायचं तर मूळ बेत मला अजूनही जास्त आवडतो. तेविसाव्या भागात, फुटलेल्या वेशीत, धुरामध्ये फडकं सुटणार होतं आणि एकही शब्द नसलेली अख्खी पट्टी मी त्यासाठी राखून ठेवली होती. ती चौकट चित्रकारानं आधीच काढून ठेवलेली आहे, माझ्या टेबलासमोर लावलीय. ती छापली गेली नाही.

गेल्या वर्षी मालिकेचं पुस्तक करायचं ठरलं. प्रुफं आली. नवीन मुद्रितशोधक बाई फार काळजीच्या. त्यांनी साळूच्या तोंडचं ‘आलो’ एकोणीस ठिकाणी लाल शाईनं ‘आले’ केलं होतं. मी एकोणीसच्या एकोणीस जागी काना परत दिला. मग चौदावा भाग काढला, तिसऱ्या चौकटीतल्या ‘आले’भोवती पेन्सिलनं गोल केला आणि समासात लिहिलं, ‘हे असंच ठेवा.’